भारतभेटीहून जर्मनीला परतताना: परमिट, पासपोर्ट आणि मधला कागद

जर्मनीत नोकरी, संशोधन किंवा शिक्षणासाठी राहणारे आपले बहुतेक लोक गणपती, दिवाळी किंवा घरातले लग्नकार्य डोळ्यांसमोर ठेवून आधी तिकीट काढतात आणि परमिटवरची, म्हणजे निवासपरवान्यावरची, तारीख मग पाहतात. हा क्रम उलटा असायला हवा. जर्मनीत राहण्याचा हक्क शाबूत असणे ही एक गोष्ट आणि भारतात जाऊन पुन्हा जर्मनीत प्रवेश करता येणे ही दुसरी. पहिली असली की दुसरी आपोआप आलीच, असे गृहीत धरल्यामुळेच परतीच्या वाटेवरच्या बहुतेक अडचणी उभ्या राहतात.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. परतीच्या प्रवासातली पहिली खरी तपासणी फ्रँकफर्टच्या सीमा पोलिसांकडे होत नाही, ती मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर होते. योग्य कागदपत्रे नसलेल्या प्रवाशाला जर्मनीत आणल्यास कंपनीला दर प्रवाशामागे 1,000 ते 5,000 युरोंचा भुर्दंड बसू शकतो, अशी तरतूद जर्मन निवास कायद्याच्या कलम 63 मध्ये आहे. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी तुमची बाजू कितीही खरी वाटली तरी शंकेचा फायदा तुम्हाला देत नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. तयारी करायची ती त्याच्यासमोर काय ठेवायचे, याची.

पहिली पायरी: तिकिटाआधी तारखा पाहा

परमिट कार्डाची मुदत, पासपोर्टची मुदत आणि परतीचा दिवस या तारखा एका कागदावर लिहून काढा. परतीच्या दिवशी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही चालू असतील, तर तुमचे काम जवळजवळ झाले. विमान रद्द होणे, आजारपण, घरातली एखादी अडचण अशा कारणांनी परतीचा दिवस पुढे जाऊ शकतो, म्हणून मध्ये काही आठवड्यांची मोकळीक ठेवा. कार्ड संपायच्या आदल्या दिवशीचे तिकीट कायद्याने चालते, पण शहाणपणाचे नव्हे.

जे नुकतेच आले आहेत आणि ज्यांना अजून कार्ड मिळालेले नाही, त्यांच्या पासपोर्टवर राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा असतो. तो चालू असेपर्यंत त्यावर परत येता येते. मात्र व्हिसावर किती प्रवेशांना परवानगी आहे, हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तिथे एकापेक्षा अधिक प्रवेशांची नोंद असायला हवी.

पासपोर्टची मुदत आणि परमिटची मुदत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. परदेशी नागरिकांचे कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, सर्वसाधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपलीकडचे परमिट देत नाही. नोकरीचा करार कायमचा असूनही परमिट दीडच वर्षाचे का मिळाले, या तक्रारीचे उत्तर बहुधा पासपोर्टच्या शेवटच्या तारखेत असते. प्रौढांचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि लहान मुलांचा पाच, त्यामुळे कुटुंबातल्या सर्वांच्या तारखा वेगवेगळ्या वेळी येतात. मुलांच्या तारखा हमखास विसरल्या जातात.

पासपोर्टचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष आधीपासून करता येते. बर्लिनचा भारतीय दूतावास आणि फ्रँकफर्ट, म्युनिक व हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावास आपापल्या हद्दीपुरते हे काम पाहतात. ते जर्मनीतच उरकावे आणि भारतातल्या सुट्टीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतात अर्ज करताना सध्याचा पत्ता आणि त्याचा पुरावा लागतो, पुढे पोलीस पडताळणीचा प्रश्न येतो, आणि ज्या दिवशी पोलीस ठाण्यातून माणूस घरी येतो त्या दिवशी नेमके सगळे घर कुलदैवताच्या दर्शनाला गेलेले असते. तत्काळ योजनेत नेहमीच्या 1,500 रुपयांवर 2,000 रुपये अधिक भरून वेळ वाचतो हे खरे, पण त्या आशेवर तीन आठवड्यांची सुट्टी बेतू नये. भारतात नवा पासपोर्ट घेतलाच, तर रद्द होऊन परत मिळालेला जुना पासपोर्ट सांभाळून ठेवा आणि प्रवासात दोन्ही बरोबर न्या. व्हिसाचे स्टिकर जुन्यातच राहते आणि परमिट दिले गेले तेव्हा तोच पासपोर्ट नोंदवलेला असतो.

दुसरी पायरी: मुदत संपण्यापूर्वी अर्ज, आणि तोही जर्मनीत असताना

कार्डाची मुदत भारतात असताना किंवा परतल्यावर लगेच संपणार असेल, तर निघण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज करा. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करणे बरे. मोठ्या शहरांतल्या कार्यालयांत भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. अर्ज मंजूर झाल्यावरही कार्ड लगेच हातात पडत नाही, कारण ते बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येते आणि त्याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

अर्ज वेळेत केला, म्हणजे जुने परमिट चालू असतानाच केला, तर निर्णय होईपर्यंत ते परमिट चालू असल्याचे कायदा मानतो. उशिरा केलेल्या अर्जाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कार्यालय अपवाद म्हणून ते देऊ शकते, इतकेच. मात्र ऑनलाइन अर्जाची पोच, कार्यालयाचा ईमेल किंवा भेटीच्या वेळेचे पत्र या कशाच्याही आधारे सीमा ओलांडता येत नाही. जर्मनीत बसून काम करण्यापुरते ते कागद कदाचित तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला पुरतील, मुंबईच्या काउंटरवर पुरणार नाहीत. त्यासाठी एक वेगळा कागद मागून घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग नीट वाचा

अर्जावर निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी कार्यालय देते त्या या लांबलचक नावाच्या प्रमाणपत्राला आपल्याकडचे लोक नुसते ‘फिक्त्सिऑन’ म्हणतात. त्याचे शुल्क 13 युरो आहे. हा घडीचा कागद असतो, मजकूर जर्मन असतो, आणि त्याचे सगळे मोल तिसऱ्या पानावरच्या तीन छोट्या चौकटींपैकी कोणत्या चौकटीत खूण आहे यावर ठरते.

पहिल्या चौकटीत खूण असेल तर तुमचे जर्मनीतले वास्तव्य परवानगीप्राप्त मानले जाते. दुसऱ्या चौकटीत असेल तर तुम्हाला देशाबाहेर काढण्याची कारवाई तेवढ्यापुरती स्थगित आहे, असा अर्थ होतो. या दोन्ही कागदांवर जर्मनीत थांबता येते, पण बाहेर जाऊन व्हिसाशिवाय परत येता येत नाही. तिसऱ्या चौकटीपुढे मात्र आधीचे परमिट पुढे चालू असल्याचे मानले जाते, असे लिहिलेले असते आणि शेजारी कलम 81, उपकलम 4 चा उल्लेख असतो. परतीच्या प्रवासाला चालतो तो हाच कागद. शेंगेन देशांनी, म्हणजे आपसांतल्या सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांनी, मान्य केलेल्या निवासपरवान्यांच्या यादीतही तिसऱ्या चौकटीच्या फिक्त्सिऑनचा समावेश आहे, परंतु एका अटीवर: सोबत मुदत संपलेले कार्ड किंवा मुदत संपलेला व्हिसा असला पाहिजे. म्हणून जुने कार्ड घरी ठेवून निघू नका. ‘संपलेले कार्ड नेऊन काय करायचे’ असा विचार करून ते पुण्याच्या कपाटात ठेवून विमानतळ गाठलेल्या माणसाच्या हातात अर्धाच पुरावा उरतो.

हा कागद मिळाला की कार्यालयाच्या खिडकीपासून हलण्याआधी चार गोष्टी तपासा: खूण कोणत्या चौकटीत आहे, नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांक चालू पासपोर्टचाच आहे का, आणि फिक्त्सिऑनची स्वतःची मुदत परतीच्या दिवसापलीकडे जाते का. चुकीच्या चौकटीतली खूण तिथल्या तिथे दुरुस्त होते. नंतर त्यासाठी नवी वेळ घेऊन खेटे घालावे लागतात. खिडकीवर ‘मला भारतात जाऊन परत यायचे आहे’ हे आपणहून सांगा, कारण कर्मचारी ते विचारेलच असे नाही.

चौथी पायरी: मार्ग निवडा

कार्ड चालू असेल तर मार्गाची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. हातात फक्त फिक्त्सिऑन असेल, तर मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला जाणारे विमान घ्या, भले चार पैसे जास्त पडोत. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे आलात तर शेंगेन क्षेत्रातली प्रवेशतपासणी तिथेच होते. कायद्याने तुमचा कागद तिथेही ग्राह्य आहे, पण जर्मन मजकुराचा, प्लास्टिकच्या कार्डासारखा न दिसणारा हा कागद जर्मन पोलिसांना जसा रोजच्या पाहण्यातला असतो, तसा इतरांना असेलच असे नाही. आखाती देशांतून येणारी विमाने स्वस्त पडतात. त्यात कागद दोनदा तपासला जाण्याची तयारी ठेवा, एकदा मुंबईत आणि पुन्हा दोहा किंवा दुबईच्या गेटवर.

लंडनमार्गे येणे मात्र टाळा. भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या विमानतळावर नुसते विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. चालू जर्मन परमिट कार्ड असणाऱ्याला त्यातून सूट मिळते. संपलेले कार्ड आणि फिक्त्सिऑन या जोडीवर त्या सुटीचा भरवसा धरू नये.

पाचवी पायरी: काउंटरवर

पासपोर्ट, कार्ड, फिक्त्सिऑन आणि असल्यास जुना पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नव्हे. सोबत नोकरीचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि पत्त्याच्या नोंदणीचा दाखला ठेवा. विद्यार्थ्यांनी चालू सत्राचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र ठेवावे. हे कागद प्रवेशाचा हक्क देत नाहीत, पण सीमेवरच्या अधिकाऱ्याने प्रश्न विचारल्यास उत्तर देणे सोपे करतात.

फिक्त्सिऑनवर प्रवास करणाऱ्याने विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. काउंटरवरची व्यक्ती आधी कार्डावरची संपलेली तारीख पाहील आणि मान हलवील. अशा वेळी आवाज न चढवता तिसरे पान उघडून खुणेवर बोट ठेवा आणि विमान कंपन्या प्रवासाच्या कागदपत्रांचे नियम ज्या टिमॅटिक प्रणालीत पाहतात, तिच्यात हा कागद तपासून पाहण्याची विनंती करा. तेवढ्याने भागले नाही तर सुपरवायझरला बोलवायला सांगा. घरूनच कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मिळवून ठेवले असेल, तर ते छापून न्या.

शेंगेन सीमांवर 12 ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी प्रवेश-निर्गम नोंदणी सुरू झाली आहे. ती अल्पकाळ येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे आणि परमिटधारकांना तिच्यातून वगळलेले आहे. तेव्हा यंत्रांसमोरच्या रांगेत ताटकळत बसण्यापूर्वी कार्ड दाखवून कोणत्या रांगेत उभे राहायचे, ते विचारून घ्या. सोबत आईवडील पाहुणे म्हणून येत असतील, तर त्यांची नोंदणी मात्र होणार.

सहा महिन्यांचा नियम

वडिलांचे आजारपण, बाळंतपण, जमिनीचे प्रकरण अशा कारणांनी भारतातला मुक्काम लांबतो, आणि इथे कायद्याची सर्वांत कडक तरतूद लागू होते. निवास कायद्याच्या कलम 51 नुसार जर्मनीबाहेर गेलेली व्यक्ती सहा महिन्यांत परतली नाही तर तिचे परमिट संपते. कोणी ते रद्द करावे लागत नाही, पत्र यावे लागत नाही. ते आपोआप संपते. कार्डावर मात्र पुढच्या वर्षाची तारीख तशीच छापलेली राहते, म्हणून माणूस गाफील राहतो. कधी मुंबईच्या काउंटरवरून तो सुटतोही, पण फ्रँकफर्टला सीमा पोलिसाने मागच्या प्रवासाची तारीख विचारली की प्रकरण उघड होते.

कायमस्वरूपी निवासाचा परवाना, म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउबनिस, मिळाला की आता कितीही दिवस बाहेर राहा, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. या परवान्यालाही सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. जर्मनीत किमान 15 वर्षे कायदेशीर वास्तव्य आणि उपजीविकेची खात्री असलेल्यांना त्यातून सूट आहे, आणि तसा दाखला कार्यालयाकडून मागून घेता येतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचे परमिट, असलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना बारा महिने मिळतात. दीर्घकालीन निवासाचा जो युरोपीय संघाचा परवाना असतो, त्यात संघाच्या क्षेत्राबाहेर सलग बारा महिने राहता येते. ब्लू कार्डवरून तो मिळवलेल्यांना चोवीस. घरी म्हातारे आईवडील असलेल्या आणि दोन्ही परवान्यांना पात्र ठरणाऱ्या माणसाने या फरकाकडे पाहूनच निवड करावी, असे मी सुचवीन.

मुक्काम लांबणार असे दिसले की सहा महिने संपायच्या आत, शक्य तर निघण्यापूर्वीच, आपल्या आउसलेंडरबेहोर्डेकडे अधिक मुदतीची लेखी विनंती करा. सोबत रुग्णालयाची कागदपत्रे आणि परतण्याचा अंदाजे दिवस द्या. कायदा कार्यालयाला अशी जादा मुदत ठरवून देण्याचा अधिकार देतो. मंजुरीचे पत्र आले पाहिजे. विनंती पाठवली एवढ्यावर विसंबू नका.

सहा महिने पुरे व्हायच्या आत दोन दिवस जर्मनीत येऊन परत जाण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. तिच्यात एक खोच आहे. मुक्काम तात्पुरता नसल्याचे परिस्थितीवरून दिसले, तर परमिट सहा महिन्यांची वाट न पाहता देश सोडल्या दिवसापासूनच संपलेले धरले जाऊ शकते. नोकरीचा राजीनामा दिला, घर सोडले आणि नगरपालिकेत पत्ता रद्द केल्याची नोंद केली, तर तुम्ही कायमचे निघून गेलात असाच निष्कर्ष निघतो. भाडे वाचवण्यासाठी पत्ता रद्द करण्यापूर्वी याचा विचार करा. बोर्डिंग पासही जपून ठेवा. किती दिवस बाहेर होतो, हे दाखवायला ते उपयोगी पडतात.

बाळाला घेऊन पहिली भारतभेट

जर्मनीत जन्मलेले मूल आपोआप जर्मन नागरिक होत नाही. आई किंवा वडील पाच वर्षे कायदेशीररीत्या तिथे राहत असतील आणि त्यांच्याकडे कायम निवासाचा हक्क असेल तरच ते होते. 27 जून 2024 पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. एरवी बाळासाठी आधी भारतीय वाणिज्य दूतावासातून जन्मनोंदणी आणि पासपोर्ट, मग परमिट, असा क्रम असतो. परमिटचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो.

आजी-आजोबांना बारशाची किंवा जावळाची घाई असते, आणि पासपोर्ट हातात येताच तिकीट काढले जाते. पण बाळाकडे आधीचे कोणतेही परमिट नसल्यामुळे वर सांगितलेल्या तिसऱ्या चौकटीचा प्रश्नच उद्भवत नाही. फिक्त्सिऑन मिळाले तरी त्यावर बाळाला परत आणता येईल, असे धरून चालू नका. बाळाचे कार्ड हातात आल्यावरच निघा. भारतभेटीतच जन्मलेल्या बाळाला तर पहिल्या प्रवेशासाठी राष्ट्रीय व्हिसाच लागतो, तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या आईने आपला सहा किंवा बारा महिन्यांचा हिशेब आणि बाळाच्या व्हिसाचा वेळ एकत्र मांडून पाहावा.

लग्नानंतरचे नाव

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलते, कारण वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते. पासपोर्टमध्ये मधले नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात असल्याने दोन्ही रकाने बदलतात, आणि परमिट कार्डावरचे नाव व नव्या पासपोर्टवरचे नाव यांत फक्त पहिला शब्द सारखा उरतो. लग्नासाठी आलेल्या सुट्टीत पासपोर्टवरचे नाव बदलू नका. आहे त्याच नावाने परत जा आणि मग जर्मनीत पासपोर्ट व परमिट एकापाठोपाठ बदलून घ्या. नाव आधीच बदलले असेल, तर तिकीट नव्या पासपोर्टवरच्या नावाने काढा आणि जुना पासपोर्ट व विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा.

कार्ड किंवा पासपोर्ट भारतात हरवल्यास

जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. कार्ड हरवले असल्यास आपल्या आउसलेंडरबेहोर्डेला ईमेलने कळवा आणि कार्डातली ऑनलाइन ओळख सुविधा सुरू केलेली असल्यास जर्मनीच्या 116 116 या क्रमांकावर ती बंद करून घ्या. भारतातून लावताना त्याआधी जर्मनीचा 49 हा संकेतांक लावावा. कार्डाचा मोबाइलमधला फोटो प्रवासाला चालत नाही, पण पुढच्या अर्जाला त्याचा फार उपयोग होतो, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

त्यानंतर परत येण्यासाठी जर्मन वकिलातीकडे राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांसाठी मुंबईतला वाणिज्य दूतावास आहे. व्हिसाचे शुल्क प्रौढांना 75 युरो असते, आणि दूतावास तुमच्या परमिटबद्दल जर्मनीतल्या कार्यालयाकडे विचारणा करतो, म्हणून विलंब बहुतेक वेळा तिकडच्या उत्तरामुळे होतो. कार्यालयाला कळवताना दूतावासाकडून विचारणा येणार असल्याचे सांगा आणि फाइल क्रमांक द्या. परतीचे तिकीट लगेच पुढे ढकला आणि नोकरीच्या ठिकाणी लेखी कळवा.

पासपोर्ट हरवला असेल तर आधी पासपोर्ट सेवा केंद्रात नवा पासपोर्ट, मग बाकी सगळे. नुसत्या कार्डावर प्रवास होत नाही. हरवल्याची तक्रार केलेला पासपोर्ट किंवा कार्ड नंतर गादीखाली सापडले, तरी ते घेऊन विमानतळावर जाऊ नका. तक्रारीनंतर त्याची रद्द झाल्याची नोंद पोलिसांच्या यंत्रणांत गेलेली असते आणि अशा दस्तऐवजावर प्रवास करणाऱ्याला सीमेवर थांबवले जाते. सापडलेले कार्ड परतल्यावर आउसलेंडरबेहोर्डेत जमा करा.